गोठ्यांतील धूळ आणि क्यू ज्वर

शेतकऱ्याच्या घरीं ताप शिरला म्हणजे आपण पहिला दोष विहिरीच्या पाण्यास देतों, दुसरा डांसांस आणि तिसरा ऋतुमानास. गोठ्याकडे बोट दाखविण्याची आपली रीत नाहीं. शेणाचा सारवा व गोमूत्राचा वास ह्यांत वाढलेल्या माणसास गोठा हें आरोग्याचेंच ठिकाण वाटतें, आणि पुष्कळ अंशीं तें खरेंही आहे. तथापि जनावरांपासून माणसास होणारे कांहीं रोग असे आहेत कीं, ते चावण्यानें येत नाहींत; जनावर डोळ्यांस धडधाकट दिसत असतां धुळीबरोबर श्वासांत शिरतात. त्यांपैकीं एकाचें नांव क्यू ज्वर. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

लेखक वैद्य नव्हे व पशुवैद्यही नव्हे. त्याचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. सातबारे, पीकपाहणी व पंचनामे ह्यांपलीकडे अधिकारानें बोलावें असें त्याचें शिक्षण नाहीं. पुढें लिहिलें आहे त्यांत जाणत्यांचें वाचलेलें व स्वतः पाहिलेलें असें दोन्ही आहे, आणि जेथें पाहिलेलें आहे तेथें तसें सांगितलें आहे.

प्रथम पाहिलेली हकीगत सांगतों. पुलगांवापासून अडीच कोसांवर, वर्धा नदीच्या कांठीं, माझ्या थोरल्या चुलत बंधूंची शेती आहे. कपाशी, तूर व सोयाबीन हीं पिकें. चार बैल, दोन गवळाऊ गाई आणि अठरा बेरारी शेळ्या, असा त्यांचा व्याप. कांहीं वर्षांपूर्वीं पौष-माघांत त्या अठरांपैकीं पांच शेळ्या एकामागून एक गाभडल्या. सर्वांचे महिने भरत आले होते. दोघींची वार अडकली, ती सालदाराच्या बायकोनें उघड्या हातांनीं ओढून काढली. मेलेलीं करडें व वार उकिरड्यावर टाकण्यांत आलीं. रात्रीं कुत्र्यांनीं तीं ओढून गल्लीभर नेलीं. मी त्या वेळीं रजेवर तेथेंच होतों. गुरांच्या दवाखान्यांत कळवावें काय, असें मीं विचारलें, तेव्हां सालदार हसून म्हणाला, “बकरीनं गाभ टाकला तं टाकला, बाबूजी. त्याले काय डाक्टर बलावाचा?” मलाही तें पटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. गाय गाभडली असती तर बंधूंनीं रात्रीं मोटारसायकल काढली असती. शेळीसाठीं कोण काढतो!

होळीच्या सुमारास गोठा खरवडला. वीतभर जमलेला वाळका केर व लेंड्या फावड्यांनीं उकरून बंड्यांत भरल्या आणि शेताकडे नेल्या. वारा मोठा होता. बंड्या ओसरीपुढून गेल्या तेव्हां आम्हां बसलेल्यांच्या अंगावर व चहाच्या पेल्यांत बारीक धूळ बसली. त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांनीं सालदारास ताप भरला. डोकें फुटेलसें दुखे, रात्रीं अंथरूण घामानें भिजे. पाठोपाठ त्याची बायको पडली. मग बंधूंच्या घराला लागून राहणारे एक वृद्ध गृहस्थ पडले, ज्यांच्या घरीं कोंबडीसुद्धां नाहीं. आणि पुलगांवीं परत आल्यावर मीही पडलों. एका ठिकाणीं टायफॉइड म्हणून औषध झालें, दुसऱ्या ठिकाणीं मलेरिया म्हणून. ताप अखेर सर्वांचा उतरला, पण सालदाराची शक्ति मृगाच्या पेरणीपर्यंत परत आली नाहीं, आणि त्या सालीं बंधूंस दुसरा माणूस लावावा लागला.

तो क्यू ज्वरच होता असें मी लिहीत नाहीं. कोणाचेंही रक्त त्या दृष्टीनें तपासलें गेलें नाहीं, आणि पंचनाम्यांत जें पाहिलें तेवढेंच लिहावें अशी माझ्या हातास संवय आहे. मात्र ह्या रोगाची माहिती पुढें वाचूं लागलों तेव्हां ती त्या हकीगतीशीं इतकी जुळत गेली कीं, गाभडलेल्या शेळ्यांकडे आपण किती दुर्लक्ष केलें ह्याची मला लाज वाटली.

ह्या ज्वराचें नांवच त्याच्या अज्ञातपणावरून पडलें आहे. इ. स. १९३५ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत, ब्रिस्बेन शहरच्या कत्तलखान्यांतील मजुरांस एक ताप येऊं लागला. ज्ञात तापांपैकीं कोणत्याही तापाशीं तो जुळेना. डॉ. एडवर्ड डेरिक ह्यांनीं त्याचा तपास केला, व १९३७ सालीं तो प्रसिद्ध करतांना तात्पुरतें म्हणून त्यास ‘क्यू’ हें नांव दिलें. इंग्रजींत शंका ह्या अर्थाचा जो शब्द आहे त्याचें हें आद्याक्षर होय. क्वीन्सलंडवरून हें अक्षर आलें असा पुष्कळांचा समज आहे, तो खरा नव्हे. पुढें ऑस्ट्रेलियांतीलच बर्नेट ह्यांनीं रोगाचा जंतु ओळखला. इकडे अमेरिकेच्या माँटाना राज्यांत गोचिडांवर संशोधन चाललें होतें, तेथें कॉक्स प्रभृतींना तोच जंतु सांपडला. दोघांच्या नांवांवरून त्यास ‘कॉक्सिएला बर्नेटी’ असें म्हणतात. शंका फिटली, पण नांव राहून गेलें.

आतां हा जंतु गोठ्यांत काय करतो तें नीट पाहिलें पाहिजे, कारण सगळी मेख तेथेंच आहे. शेळी, मेंढी, गाय किंवा म्हैस ह्यांच्या शरीरांत तो शिरला तरी एरव्हीं जनावर आजारी दिसत नाहीं. तें चारा खातें, दूध देतें, बाजारांत विकलेंही जातें. मादी गाभण राहिली म्हणजे मात्र जंतूस हवी ती जागा मिळते. वारेच्या पेशींत तो अतोनात वाढतो; बाधित वारेच्या एका ग्रॅमांत १०० कोटीपर्यंत जंतु असूं शकतात. शेळ्या-मेंढ्यांत अशा वेळीं शेवटच्या महिन्यांत गाभ पडतो, किंवा मेलेलें अगर दुबळें करडूं जन्मतें. गाई-म्हशींत बहुधा एवढेंही दिसत नाहीं; फार तर गाभण राहण्यास उशीर होतो. आणि विशेष ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, वेळेवर व सुखरूप व्यालेल्या शेळीच्या वारेंतही हा जंतु असूं शकतो. वार, गर्भजल, आणि त्यांनीं भिजलेला केर व माती हें ह्या रोगाचें मुख्य भांडार आहे. दूध, मूत व लेंड्या ह्यांतूनही जंतु बाहेर पडतो, परंतु वारेशीं त्याची तुलना नाहीं.

आपला अनुभव असा कीं, उन्हांत वाळलें तें शुद्ध झालें. पुष्कळ रोगांच्या बाबतींत तो खराही आहे. हा जंतु मात्र वाळल्यानें मरत नाहीं. तरोट्याचें बीं जसें उन्हाळाभर कोरड्या जमिनींत निर्धास्त पडून असतें, तसाच हा अतिसूक्ष्म कणाच्या रूपानें धुळींत, लोकरींत, गवतांत व वाळलेल्या शेणांत महिनेच्या महिने जिवंत राहतो. साध्या जंतुनाशकांसही तो सहजीं दाद देत नाहीं. आणि माणसास बाधा होण्यास ह्याचे लाखों कण लागत नाहींत. दहा पुरतात, कधीं त्याहूनही कमी.

तेव्हां रोगाचा मार्ग असा आहे. वार पडते, तिचें पाणी केरांत मुरतें व वाळतें, जनावरांच्या खुरांखालीं त्याचें पीठ होतें, आणि खराट्यानें, फावड्यानें किंवा वाऱ्यानें तें उठून माणसाच्या फुप्फुसांत जातें. शेळीस ज्यानें हात लावला नाहीं त्यासही ताप येऊं शकतो, तो ह्यामुळें. माणसापासून माणसास हा रोग फारच क्वचित् होतो. रोग्याची शिवाशीव करण्याचें किंवा त्याचें भांडें निराळें ठेवण्याचें कारण नाहीं.

ही धूळ किती दूर जाते, ह्याचीं उदाहरणें परदेशांतून घ्यावीं लागतात, कारण मोजमाप तेथें झालें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४-४५ च्या सुमारास, इटलींत दोस्त सैन्याच्या कांहीं तुकड्या शेतकऱ्यांच्या गवताच्या कोठारांत मुक्कामास होत्या. तेथें शिपायांत ह्या ज्वराच्या साथी झाल्या. स्वित्झर्लंडांतील बान्य खोऱ्याचें उदाहरण तर आपल्याकडील वाचकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावें असें आहे. १९८३ च्या शरद् ऋतूंत मेंढ्यांचे कळप डोंगरावरील कुरणांतून नेहमींप्रमाणें खालीं उतरले आणि रस्त्यावरील गांवांतून पुढें गेले. सुमारें तीन आठवड्यांनीं त्या गांवांत ताप सुरू झाला. खोऱ्यांतील लोकांचें रक्त तपासलें तेव्हां ४०० हून अधिक जणांस नुकतीच बाधा झालेली आढळली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना आपण आजारी होतों ह्याची वार्ताही नव्हती. कळप नुसते रस्त्यानें गेले होते, मुक्कामसुद्धां नाहीं.

नेदरलंड देशांत ह्याहून मोठा अनर्थ झाला. तेथील नूर्द-ब्राबांत प्रांतांत दुधाच्या शेळ्यांचे मोठमोठे गोठे आहेत. एकेका गोठ्यांत शेंकडों शेळ्या, आणि गोठ्यांच्या सभोंवार दाट वस्ती. २००५ पासून कांहीं गोठ्यांत गाभ पडण्याचे प्रकार सुरू झाले. २००७ सालीं माणसांत साथ दिसली, आणि २०१० पर्यंत ४,००० हून अधिक रोग्यांची नोंद झाली. त्यांतील बहुतेक रोगी शेळ्या पाळणारे नव्हते, जवळपास राहणारे होते. बाधित गोठ्यापासून २ किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्यांस ५ किलोमीटरांपलीकडील लोकांपेक्षां धोका कित्येक पटींनीं अधिक असल्याचें दिसून आलें. आणि जेथें जमीन कोरडी व हिरवळ विरळ तेथें प्रसार जास्त झाला. २००९ च्या अखेरीपासून तेथील सरकारनें बाधित गोठ्यांतील ५०,००० च्या वर गाभण शेळ्या मारविल्या, त्यांत दिसावयास निरोगी अशाही पुष्कळ होत्या. शेळ्यांस लस टोंचणें सक्तीचें झालें आणि खत हलविण्यावर निर्बंध आले. ज्या शेतकऱ्यानें पहिल्या गाभडलेल्या शेळीची वर्दी दिली नाहीं, त्याचाही गोठा पुढें रिकामा झाला.

हें सारें मोठ्या गोठ्यांचें झालें, आमच्या चार शेळ्यांचें काय, असें कोणी म्हणेल. त्यास कॅनडांतील हॅलिफॅक्स शहरची गोष्ट सांगतों. तेथें पत्ते खेळावयास जमणाऱ्या मंडळींस हा ज्वर झाला, तेव्हां शोधाअंतीं असें निघालें कीं, ज्या घरीं बैठक होती तेथें मांजर व्यालें होतें!

आपल्या देशांत हा ज्वर नाहीं असें कोणीं समजूं नये. १९५० नंतरच्या दशकांतच भारतांतील माणसांच्या व जनावरांच्या रक्तांत त्याच्या खुणा आढळल्या, आणि तेव्हांपासून निरनिराळ्या राज्यांतील गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या व त्यांच्या संगतींत राहणारीं माणसें ह्यांत त्या वारंवार आढळत आल्या आहेत. नोंदलेले रोगी थोडे, ह्याचें कारण नुसत्या लक्षणांवरून हा ताप ओळखतां येत नाहीं, आणि मुद्दाम शंका घेतल्याशिवाय त्याची तपासणी कोणी करीत नाहीं. कारकून म्हणून आणखी एक कारण मला दिसतें. वीज पडून मेलेल्या व पुरांत वाहून गेलेल्या जनावरांचे पंचनामे मीं शेंकडों वेळां लिहिले असतील. गाभडलेल्या शेळीचा एकही लिहिला नाहीं, कारण तशी वर्दीच कोणी दिली नाहीं. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत शेळ्या एक कोटीच्या वर मोजल्या गेल्या. पण कोणाची किती गाभडली हें घरच्या बाईस विचारल्याशिवाय आजही कळत नाहीं.

आमच्या वर्धा जिल्ह्याचें हवामान ह्या रोगास प्रतिकूल नाहीं, एवढें तरी म्हटलें पाहिजे. फाल्गुनापासून मृगापर्यंत काळी जमीन उघडी व भेगाळलेली असते, पारा ४५ अंशांस भिडतो, वावटळी उठतात. शेळ्यांचें एक वेत हिंवाळ्यांत व होळीच्या आगेमागें येतें. म्हणजे ओली वार पडण्याचा काळ आणि कोरडी धूळ उठण्याचा काळ एकमेकांस लागून आहेत. आणि नेमके त्याच दिवसांत आपण खरिपासाठीं गोठे खरवडून खत शेतांत नेतों.

पीक निघाल्यावर धनगरांचे व काठेवाडी रबाऱ्यांचे कळप आपण वावरांत बसवितों, त्याविषयीं थोडें निराळें लिहिलें पाहिजे. ही पद्धत मोडावी असें मी म्हणणार नाहीं. कळपाचें मूत व लेंडी जमिनीस जें देतात तें विकतच्या पोत्यांत मिळत नाहीं, हें प्रत्येक कास्तकार जाणतो. पण कळप बसविण्याचा सौदा ठरवितांना धान्य व पैसा ह्यांबरोबर दोन गोष्टी विचाराव्या: मेंढ्या विण्याच्या बेतांत आहेत काय, आणि मागील मुक्कामीं किती गाभडल्या. विणारा कळप असेल तर त्यास वस्तीला लागून, वारा गांवाकडे वाहतो अशा बाजूचें वावर देऊं नये. दूरचें द्यावें, आणि वार पुरण्यास बांधाशीं खड्डा आपण खणून द्यावा. ह्यांत कळपवाल्यास दोष देण्याचा हेतु नाहीं. मेंढीची वार त्याचीच बायकामुलें उचलतात, कोंकरूं रात्रीं त्यांच्याच पालांत निजतें. सर्वांत मोठा धोका त्यांनाच आहे.

माणसाच्या आजाराविषयीं. बाधा झाल्यापासून दोन ते तीन आठवड्यांनीं ताप चढतो. डोकें असह्य दुखतें, थंडी वाजते, दरदरून घाम येतो, अंग मोडून येतें. कोणास कोरडा खोकला व न्युमोनिया होतो, कोणाच्या यकृतास सूज येते. निम्म्या लोकांस कांहींच जाणवत नाहीं, आणि ज्यांना जाणवतें त्यांतील बहुतेक बरे होतात, मात्र थकवा महिनेच्या महिने पुरतो. शंभरांत पांचांहून कमी लोकांत जंतु शरीरांत दबा धरून राहतो आणि पुढें महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, हृदयाच्या झडपांवर बसतो. लहानपणीं सांधेज्वर होऊन ज्यांच्या झडपा बिघडल्या आहेत अशीं माणसें आपल्या खेड्यांत थोडीं नाहींत; त्यांना हा दुसरा आजार होण्याचा संभव अधिक, आणि उपचार न झाल्यास तो प्राणघातक ठरतो. गर्भवतीस बाधा झाली तर गर्भपात किंवा अकालीं प्रसूति होऊं शकते.

उपाय आहे. डॉक्सिसायक्लिन नांवाचें औषध साधारणतः दोन आठवडे देतात, आणि तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सुरू झाल्यास त्याचा गुण विशेष येतो. पेनिसिलीनच्या जातीचीं औषधें ह्या जंतूवर चालत नाहींत. गर्भवतीसाठीं योजना निराळी असते. तेव्हां औषध दुकानांतून आपण होऊन आणण्यासारखें नाहीं. डॉक्टरांकडेच गेलें पाहिजे, आणि गेल्यावर न विचारतां सांगितलें पाहिजे कीं, आमच्या घरीं, शेजारीं किंवा शेतांतील कळपांत अमुक आठवड्यांपूर्वीं शेळ्या व्याल्या अथवा गाभडल्या. हें एक वाक्य नसेल तर डॉक्टर मलेरिया, टायफॉइड व डेंग्यू ह्यांच्याच मागें लागणार, आणि त्यांत त्यांची चूक नाहीं. २०१८ सालीं नागपूर भागांत स्क्रब टायफसचे रोगी निघाले, तेव्हां शेतांत-गवतांत वावरणें झालें काय हा प्रश्न दवाखान्यांत विचारला जाऊं लागला. शेळीविषयींचा प्रश्न अद्याप रुळलेला नाहीं. रक्ताची तपासणी बहुधा दोनदां, कांहीं आठवड्यांच्या अंतरानें, करावी लागते. पहिल्या वेळीं कांहीं निघालें नाहीं म्हणून दुसरी टाळूं नये.

आतां प्रतिबंधाचें. त्यांत पहिलें स्थान वारेचें. गाभण शेळ्यांस महिने भरत आले कीं, गोठ्याच्या एका कोंपऱ्यांत, घराच्या दारापासून दूर, कुडाचा आडोसा करून तेथें विऊं द्यावें. खालीं कुटार किंवा जुना कडबा पसरावा, म्हणजे पाणी जमिनींत न मुरतां त्यांत राहतें. वार आपोआप पडूं द्यावी. बारा तासांत न पडल्यास पशुवैद्यास बोलवावें, ओढूं नये. पडलेली वार उचलतांना हातमोजे घालावे. ते नसल्यास जाड प्लॅस्टिकची पिशवी हातांत उलटी घालून तिनेंच वार उचलावी व पिशवी उलटून बांधावी. ह्यास एक पैसा अधिक लागत नाहीं. मग वार, मेलेलें करडूं व भिजलेलें कुटार हीं सर्व कमरेइतक्या खोल खड्ड्यांत, वर-खालीं चुना घालून, पुरावीं. खड्डा विहिरीपासून लांब असावा. वर बोरी-बाभळीच्या कांट्या टाकून दगड ठेवावा, कारण कुत्रें हा ह्या रोगाचा फुकटचा हमाल आहे. विण्याच्या जागेवर ब्लीचिंग पावडरचें पाणी टाकून अर्धा तास तसेंच राहूं द्यावें. पण केर आधीं काढलेला असावा, घाणीवर ओतलेलें औषध वायां जातें. अंगावरचे कपडे घरांत न आणतां उकळत्या पाण्यांत घालावे. करोनाच्या काळांत घरोघरीं आलेले जाड मुखपट अजून कोठें खुंटीला असतील तर ते ह्या कामास उत्तम.

हें काम आपल्याकडे बहुधा बायकांवर पडतें. ज्या घरांत सून किंवा लेक गर्भवती आहे तेथें तिनें शेळीच्या बाळंतपणाजवळ जाऊं नये. पुरुषांनीं तें करावें. हृदयाचा आजार असलेल्यांनींही दूर राहावें.

दुसरें स्थान खताचें. कोरडा गोठा कधींही खरवडूं नये. आपल्या आज्या झाडण्यापूर्वीं सडा टाकीत, त्यांत मंगल किती व शास्त्र किती हें मी सांगत नाहीं, पण धूळ बसत असे हें निश्चित. तसेंच येथें करावें: आदल्या संध्याकाळीं झारीनें पाणी शिंपून केर ओला करावा. नळीनें जोराचा फवारा मात्र मारूं नये, त्यानें कण उलट उडतात. वारा पडलेला असतां, सकाळीं लवकर, केर काढावा आणि बंडीवर ओलें गोणपाट झांकावें. आणि ताजा केर थेट शेतांत न नेतां खड्ड्यांत किंवा हौदांत मातीनें लिंपून ९० दिवस तरी कुजूं द्यावा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे ह्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला नाडेप हौद ह्या कामीं फार सोईचा. त्यांतील थर ओले असतात व वरून शेणमातीनें लिंपतात, म्हणून धूळ उडत नाहीं. वार मात्र त्यांत टाकूं नये. फाल्गुनांत खरवडलेलें खत मृगाच्या आधीं शेतांत पडलें पाहिजे, ९० दिवस कोठून आणावे, असा आक्षेप बंधूंनीं घेतला. तो रास्त आहे. त्यावर तोड एवढीच कीं, शेळ्यांचा केर दिवाळीनंतर एकदां व वेताआधीं एकदां काढून ठेवावा, आणि विण्याच्या काळांतला केर पुढील सालाच्या खतांत धरावा. एक साल ओढाताण होते, नंतर क्रम बसतो.

दूध उकळूनच प्यावें. उकळल्यानें हा जंतु निश्चित मरतो. शेळीचें कच्चें दूध औषधी म्हणून मुलांस देण्याची चाल आहे, ती सोडावी. गोचिडांचा नायनाट करावाच, त्यांच्याद्वारां जनावरांत हा जंतु फिरतो. माणसास मात्र गोचीड चावून हा ज्वर क्वचितच होतो.

लसीविषयीं गैरसमज नसावा. गाभ पडण्याचें दुसरें मोठें कारण म्हणजे ब्रुसेला जंतु, आणि तोही माणसास बाधतो. त्यावरील लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींस व वगारींस टोंचतात. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमांत तिचा समावेश आहे. ती अवश्य टोंचून घ्यावी, पण ती क्यू ज्वरास आवरीत नाहीं. क्यू ज्वराची माणसांसाठींची लस ऑस्ट्रेलियांत १९८९ पासून आहे, युरोपांत शेळ्यांसाठीं आहे. आपल्याकडे दोन्ही प्रचारांत नाहींत. म्हणून गाभडलेल्या जनावराची वर्दी पशुवैद्यकीय दवाखान्यांत देणें, आणि वारेचा तुकडा बंद डब्यांत बर्फावर ठेवून त्यांच्या स्वाधीन करणें, ह्यास इतकें महत्त्व. डबा ह्या कामाचा निराळा असावा व हात उघडा नसावा हें सांगणें नलगे.

बंधूंच्या गोठ्यांत यंदा अकरा शेळ्यांचें वेत आलें. कुडाचा आडोसा सालदारानेंच बांधला व खड्डाही त्यानेंच खणला. दहा सुखरूप व्याल्या; एक सव्वाचार महिन्यांवर गाभडली. त्या सकाळीं त्याचा मला दूरध्वनि आला, “बाबूजी, डाक्टरले बलावलं हाय, तुमी येता का?” वारेचा तुकडा व शेळीचें रक्त तपासणीस गेलें आहे. निकाल हातीं आल्यावर, संपादकांची अनुज्ञा असल्यास, तो ह्याच मासिकांतून कळवीन.